अठराव्या शतकातील ब्रिटिश पदके आणि दख्खन : संग्रह व अभ्यासाचा आढावा

लढाई जिंकली, तह झाला, नवा राजा गादीवर आला, की त्याची आठवण म्हणून धातूचे पदक पाडायचे, ही चाल इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात चांगलीच रुजली. ही पदके चलन नव्हती. एका बाजूला राजाचा किंवा सेनापतीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला प्रसंगाचे चित्र आणि भोवती लेख, अशी त्यांची साधारण घडण असे. काही पदके राजाच्या टांकसाळीतून निघत, पण फार मोठा भाग ठसे कोरणाऱ्या खासगी कारागिरांच्या दुकानांतून येई. या मोठ्या राशीत मोजकी पदके अशी आहेत, की त्यांचा विषय मराठे आणि म्हैसूर यांच्याशी ईस्ट इंडिया कंपनीने केलेली युद्धे हा आहे. महाराष्ट्रातल्या संग्राहकाला इंग्लंडच्या राज्यारोहणापेक्षा ही पदके जवळची वाटावीत हे उघड आहे. त्यांचा अभ्यास मात्र आजवर मुख्यतः लंडनच्या बाजूने झाला आहे.

परंपरा कशी घडली

इंग्लंडमधील पदकांची अठराव्या शतकातली कहाणी परदेशी हातांपासून सुरू होते. शतकाच्या पहिल्या दशकांत लंडनच्या टांकसाळीचा मुख्य ठसेकार जॉन क्रोकर हा जन्माने जर्मन होता. त्या काळात टांकसाळीचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन. राणी ॲन हिच्या १७०२ च्या राज्याभिषेक पदकाच्या आखणीत न्यूटनने स्वतः लक्ष घातले होते. पुढे जिनिव्हाच्या जाँ दासिए याने इंग्लंडच्या राजांची अख्खी मालिका पाडली. शतकाच्या मध्यापासून पिंगो घराण्याचे नाव पुढे येते. थॉमस पिंगो आणि त्याच्या मुलांनी टांकसाळीसाठी तसेच खासगी मंडळांसाठीही काम केले.

लोकांनी ही पदके किती आपलीशी केली हे ॲडमिरल व्हर्ननच्या पदकांवरून दिसते. १७३९ च्या नोव्हेंबरात व्हर्ननने पोर्तो बेलो हे स्पॅनिश बंदर अवघ्या सहा जहाजांनिशी घेतले. बातमी पोहोचताच स्वस्त पितळी पदकांचा पूर आला. त्यांच्या ठशांचे प्रकार इतके आहेत, की आजही ते वेगळे लावणे हे संग्राहकांचे स्वतंत्र काम होऊन बसले आहे. दोन वर्षांनी कार्ताहेनाच्या मोहिमेत मात्र व्हर्ननचा पराभव झाला. तोपर्यंत स्पॅनिश सेनापती गुडघे टेकून शरण येत असल्याचे चित्र असलेली पदके लंडनच्या बाजारात विकून झाली होती. पदक हे घडलेल्या घटनेचे नव्हे, तर केलेल्या दाव्याचे साधन आहे, हा धडा अभ्यासकांनी या प्रकरणातून घेतला. दख्खनच्या पदकांकडे पाहताना तो फार उपयोगी पडतो.

शतकाच्या अखेरीस तंत्र बदलले. तोवर मळसूत्री दाबयंत्र माणसांच्या जोरावर फिरवून पदक पाडले जाई. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथे मॅथ्यू बोल्टनने वाफेवर चालणारी यंत्रे बसवली आणि एकसारख्या, धारदार कडांच्या पदकांची मोठी संख्या काढणे शक्य झाले. त्याच्याकडे कोनराड हाइनरिख क्युशलर हा जर्मन ठसेकार होता. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या फोर्टमध्ये जी टांकसाळ उभी राहिली, तिची यंत्रेही याच सोहोच्या परंपरेतली.

दख्खनशी जडलेली पदके

हिंदुस्थानातल्या घटनांवरील पदकांत प्लासीचे पदक आधीचे आहे. त्यावर १७५८ हे साल आहे आणि क्लाइव्ह हा सेनापती म्हणून नोंदलेला आहे. हाच क्लाइव्ह प्लासीच्या आदल्या वर्षी, म्हणजे १७५६ च्या फेब्रुवारीत, ॲडमिरल वॉटसनबरोबर विजयदुर्गावर चालून आला होता आणि आंग्र्यांचे आरमार तिथे जळाले. प्लासीचे पदक लंडनमध्ये कलेला आणि व्यापाराला उत्तेजन देणाऱ्या एका मंडळाच्या मालिकेतले आहे. ते कुणा शिपायाच्या गळ्यात घालण्यासाठी पाडलेले नव्हते.

१७८४ चे दख्खन पदक ही त्यापेक्षा निराळी वस्तू आहे. कंपनीने मोहिमेत भाग घेतलेल्या देशी सैनिकांना सरसकट दिलेले पहिले पदक म्हणून ते ओळखले जाते. ते कलकत्त्याला पाडले गेले, वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीच्या शेवटी. पदक दोन आकारांत मिळते. मोठ्याचा व्यास साधारण चाळीस मिलिमीटर, लहानाचा बत्तीस. मोठे सोन्यात आणि चांदीत, लहान फक्त चांदीत. हुद्द्याप्रमाणे धातू आणि आकार ठरत : वरच्या देशी अंमलदारांना सोन्याचे किंवा मोठे चांदीचे, शिपायांना लहान चांदीचे. पदकाला वर कडी असते आणि ते पिवळ्या दोरीत ओवून गळ्यात घालायचे होते. छातीवर रंगीत फीत लावून मिरवायची पद्धत त्यानंतरची.

हे पदक हातात घेऊन पाहिले, तर सोहोच्या पदकांची सफाई त्यात नाही हे पहिल्यांदा जाणवते. दर्शनी बाजूला ब्रिटानिया शस्त्रांच्या ढिगावर बसली आहे. तिच्या उजव्या हातात पानांचे कडे आहे आणि ते तिने दूरच्या एका किल्ल्याकडे पुढे केले आहे. किल्ल्यावर इंग्रजी निशाण आहे. तो किल्ला कोणता, हे पदकावर कुठेही लिहिलेले नाही. मागच्या बाजूला इंग्रजी एक अक्षरही नाही, सगळा मजकूर फार्सी. मधल्या ओळींत आणि कडेच्या गोलाकार लेखात मिळून एवढे सांगितले आहे, की हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत इंग्रजांचे नाव ज्या शूरांनी उंचावले, त्यांच्या कामगिरीची आठवण म्हणून कलकत्ता सरकारने हे दिले, हिजरी सन ११९९, इसवी १७८४. फार्सी ही तेव्हाच्या दरबारांची आणि दफ्तरांची भाषा होती. ज्याला पदक मिळाले त्याला ते वाचता येवो न येवो, ते कुणाच्या तरी दरबारात ओळखले जावे अशी ही रचना आहे.

ज्या मोहिमेसाठी हे पदक निघाले ती मराठी वाचकाला परिचित आहे. रघुनाथरावाला गादीवर बसवण्याच्या खटपटीत मुंबईच्या इंग्रजांनी पुण्यावर फौज आणली आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला ती कोंडली गेली. तिच्या मदतीसाठी बंगालची एक फौज १७७८ मध्येच काल्पीहून निघाली होती. तिचा पहिला सेनापती लेस्ली वाटेतच वारला. मग गोडार्डने ती नर्मदा ओलांडून, बऱ्हाणपूरवरून सुरतेला आणली. एवढ्या लांबचा पल्ला, तोही परक्या मुलखातून, हेच त्या फौजेचे मोठे काम मानले गेले. पुढे गोडार्डने १७८० मध्ये अहमदाबाद आणि वर्षअखेरीस वसई घेतली. १७८१ च्या वसंतात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याला बोरघाटातून पनवेलकडे मागे हटवले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई आणि गुजरातेतला मुलूख परत द्यावा लागला. पिअर्सच्या हाताखाली मद्रासकडे पायी गेलेल्या दुसऱ्या बंगाल फौजेलाही हेच पदक मिळाले.

पुढचे पदक म्हैसूरच्या तिसऱ्या युद्धाचे, १७९१-९२ चे. त्यावर एक शिपाई उलथलेल्या तोफेवर पाय ठेवून उभा आहे. एका हातात कंपनीचे निशाण, दुसऱ्या हातात शत्रूचे उलटे धरलेले निशाण, मागे किल्ला. मागच्या बाजूला इंग्रजी आणि फार्सी दोन्ही. कॉर्नवॉलिसच्या हाताखाली लढलेल्या बंगाल फौजेच्या देशी सैनिकांसाठी ते होते. ब्रिटिश पदकांवर हिंदी शिपाई मुख्य आकृती म्हणून उभा राहतो, हे त्याचे वैशिष्ट्य संग्राहकही मानतात आणि इतिहासकारही. याच युद्धावर क्युशलरने सोहोला एक वेगळे पदक केले. टिपूची दोन मुले ओलीस म्हणून कॉर्नवॉलिस स्वीकारतो आहे, असा त्यातला प्रसंग. ते इंग्लंडच्या कपाटांसाठी होते. युद्ध एकच, पण शिपायाच्या गळ्यातले चित्र आणि दिवाणखान्यातले चित्र पूर्णपणे वेगळे. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

सिलोनच्या १७९५-९६ च्या मोहिमेचे पदक फारच थोड्या संख्येत निघाले आणि दख्खनशी त्याचा संबंध नाही. श्रीरंगपट्टणचे पदक मात्र या गटातले सगळ्यांत गाजलेले. किल्ला पडला ४ मे १७९९ रोजी. पदक क्युशलरने कोरले आणि सोहोला सोने, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, चांदी, तांबे-कांसे आणि कथील अशा पाच प्रतींत पाडले गेले. सैनिकांच्या हाती ते पडायला १८०८ साल उजाडले. दर्शनी बाजूला ब्रिटिश सिंह वाघाला पालथा घालतो आहे आणि वरच्या झेंड्यावर अरबी लिपीत ईश्वराचा विजयी सिंह असा मजकूर आहे. मागे किल्ल्याच्या खिंडारावरचा हल्ला, माथ्यावर दुपारचा सूर्य, खाली फार्सीत तारीख. व्यास अठ्ठेचाळीस मिलिमीटर. बंगालच्या फौजेसाठी कलकत्त्याच्या टांकसाळीने याची थोडी लहान आवृत्ती सोन्यात आणि चांदीत स्वतंत्रपणे पाडली. या युद्धात मुंबईची फौजही पश्चिम किनाऱ्याकडून उतरली होती. त्यामुळे कोकण-देशावरच्या शिपायांच्या घरी पोहोचू शकलेले अठराव्या शतकातल्या युद्धाचे पदक हेच.

करवीर राज्याचा संबंध

कोल्हापूरच्या बाजूने पाहिले तर या पदकांच्या काळाशी करवीर राज्य तीन ठिकाणी भिडते. १७६५ च्या आरंभी मुंबईच्या इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. तेव्हा करवीरचा कारभार जिजाबाई पाहत होत्या. पुढच्याच वर्षी पैशाच्या बोलीवर किल्ला परत मिळाला. ही मोहीम शिपायांना पदके देण्याची चाल पडण्याच्या खूप आधीची. १७९० ते ९२ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांचे दोस्त म्हणून टिपूवर गेले. धारवाडच्या लांबलेल्या वेढ्यात त्यांच्यासोबत कॅप्टन लिटलची मुंबईची तुकडी होती आणि एडवर्ड मूर याने तिची हकीकत १७९४ मध्ये छापली. म्हैसूर पदक ज्या युद्धाचे, त्यात मराठे अशा रीतीने इंग्रजांच्या बाजूला होते. हेच परशुरामभाऊ १७९९ च्या सप्टेंबरात करवीरकरांशी पट्टणकोडोलीला झालेल्या लढाईत पडले. श्रीरंगपट्टण पडून तेव्हा चारच महिने झाले होते.

मराठी राज्यांत कामगिरीचा गौरव पदकाने होत नसे. सोन्याचे कडे, तोडे, शिरपेच, पोशाख, पालखीचा मान, इनाम जमीन ही बक्षिसे होती आणि त्यांची नोंद दफ्तरात राही. कडे पुढे मोडले जाई, पोशाख जीर्ण होई, सनद तेवढी उरे. त्यामुळे एकाच लढाईची एका बाजूची आठवण धातूत आणि दुसऱ्या बाजूची कागदात, अशी आजची स्थिती आहे. संग्रहालयाच्या मांडणीत धातूला नेहमी झुकते माप मिळते. ही मांडणी सुधारायला हवी.

स्मृतिपदक की सेवापदक

संग्राहकांतला सर्वांत जुना वाद वर्गवारीचा आहे. एका मताप्रमाणे स्मृतिपदक म्हणजे विकत घेता येणारी, प्रसंग साजरा करणारी वस्तू, तर सेवापदक म्हणजे सरकारने कामगिरीबद्दल दिलेली, अंगावर घालायची वस्तू. ही दोन क्षेत्रे वेगळी, त्यांच्या सूची वेगळ्या, संग्राहकही वेगळे. इंग्लंडमध्ये हीच वाटणी रूढ आहे. हॉकिन्स, फ्रँक्स आणि ग्रूबर यांची १८८५ ची दोन खंडांची सूची दुसऱ्या जॉर्जच्या मृत्यूपर्यंतच्या ऐतिहासिक पदकांची आहे. लॉरेन्स ब्राउनची १९८० ची सूची तिसऱ्या जॉर्जपासून पुढे जाते. ख्रिस्तोफर आयमरचे १९८७ चे पुस्तक (दुसरी आवृत्ती २०१०) बाजारात रोज हाताळले जाते.

दुसरे मत असे, की अठराव्या शतकात ही रेघ स्पष्ट नव्हतीच. दख्खन पदकाचा लेख स्वतःला आठवणीची वस्तू म्हणवतो. श्रीरंगपट्टणचे पदक हुद्द्याप्रमाणे वाटले गेले, पण त्याचे चित्र पूर्णपणे स्मृतिपदकाच्या परंपरेतले आहे आणि त्याला मुळात कडीसुद्धा नव्हती. ज्याने त्याने आपापल्या सोनाराकडून ती लावून घेतली. रॉबर्ट पडेस्टर यांनी २००२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील स्मृती व ऐतिहासिक पदकांची स्वतंत्र सूची काढली, त्यामुळे हिंदुस्थानशी संबंधित पदके इंग्लंडच्या सूचीतली शेपटी न राहता एक वेगळे क्षेत्र बनले. दख्खनच्या पदकांपुरते पाहिले तर हे दुसरे मत वस्तूंना अधिक धरून आहे. वर्गवारी मात्र केवळ पुस्तकी राहत नाही. लिलावात पदक कोणत्या विभागात लावले, यावर त्याचे गिऱ्हाईक आणि किंमत ठरते.

अस्सल, पुन्हा पाडलेले आणि ओतीव

ज्याला संग्रह करायचा त्याला सगळ्यांत मोठी अडचण अस्सलतेची. अडचणी तीन प्रकारच्या आहेत. पहिली, मूळ ठशांवरून पुढे पाडलेली पदके. सोहोचा कारखाना बंद झाल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथले बरेच ठसे डब्ल्यू. जे. टेलर याच्या हाती गेले आणि त्याने त्यांवरून नवी पदके पाडली. ठसा अस्सल, पदक मात्र अर्ध्या शतकाने धाकटे. ठशाला चढलेल्या गंजाचे बारीक उंचवटे किंवा ठशाला गेलेली चीर पदकावर उमटते, त्यावरून ती ओळखू येतात. अशा प्रतींना संग्रहात जागा असावी की नाही, यावर मतभेद आहेत. काहींच्या मते त्या त्याज्य. काहींच्या मते त्यांवर तशी चिठ्ठी लावून ठेवल्या तर त्या ठशांच्या इतिहासाचा भाग आहेत.

दुसरी, ओतीव नकला. अस्सल पदकावरून साचा घेऊन ओतलेली प्रत थंड होताना किंचित आक्रसते. म्हणून व्यास मोजण्यासाठी कॅलिपर आणि वजनासाठी सोनाराचा काटा ही दोन साधने भिंगाइतकीच लागतात. ओतीव प्रतीत अक्षरांच्या कडा बोथट असतात, सपाट जागेत बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे दिसतात आणि कडेवर कानशीचे ओरखडे राहतात. फार्सी लेख इथे चांगली कसोटी ठरतो. नक्कल करणाऱ्याला लिपी येत नसेल तर नुक्ते पुसट होतात, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. विजेच्या साहाय्याने दोन पातळ पत्रे बनवून जोडलेल्या प्रतीही मिळतात. त्या मूळच्या संग्रहालयांच्या वापरासाठी असत. कडेवर सांधा दिसला की उलगडा होतो.

तिसरी अडचण मोडीची आणि दुरुस्तीची. हिंदुस्थानात चांदीचे पदक घरात पडून राहिले, तर एखाद्या अडचणीच्या वर्षी ते मोडीत जाण्याची शक्यता मोठी. पुतळ्यांच्या माळेत परदेशी सोन्याची नाणी ओवण्याची सवय असलेल्या प्रांतात पदकाला भोक पाडणे, कडी बदलणे, मागे पिन डाखणे यांत कुणाला काही वावगे वाटले नाही. पाश्चात्त्य संग्राहक अशा पदकाची किंमत उतरवतो. इथल्या काही अभ्यासकांचे म्हणणे निराळे आहे : डाखलेली कडी हा त्या पदकाच्या वापराचा पुरावा आहे, तो घालवू नये. हे म्हणणे पटण्यासारखे आहे. चिंच, राख किंवा रांगोळी लावून पदक चकचकीत करण्याबाबत मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे. चांदीवरचा शतकभराचा काळसर थर एकदा गेला की परत येत नाही, आणि त्याबरोबर अक्षरांची धारही जाते. कोल्हापूर-कोकणच्या पावसाळी हवेत कथलाच्या पदकांना विशेष जपावे लागते, कारण कथील मऊ असते आणि त्यावर सहज फोड धरतात. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून सुटणारी रसायनेही धातूला चिकटतात.

पदक किती आणि काय सांगते

इतिहासकारांत चर्चा चालते ती पुरावा म्हणून पदकाच्या मोलाची. लष्करी इतिहास लिहिणाऱ्यांचा एक प्रवाह पदकाला मोहिमेचे प्रमाणपत्र मानतो. कोणत्या फौजेला मिळाले, कोणत्या हुद्द्याला कोणता धातू, किती संख्या, यांतून कंपनीच्या सैन्याची रचना कळते, असे त्याचे म्हणणे. दुसरा प्रवाह प्रतिमांकडे पाहतो. सिंह आणि वाघ, ब्रिटानिया आणि किल्ला, ओलीस दिलेली मुले, या चित्रांतून कंपनीने स्वतःची जी ओळख उभी केली ती वाचायची. टिपूचे वाघाचे चिन्ह ठाऊक असल्याशिवाय श्रीरंगपट्टणचे पदक उमगत नाही, हे या प्रवाहाचे बळ.

दख्खन पदकाच्या बाबतीत दोन्ही प्रवाहांना एकच पेच पडतो. लेख विजयाचा आहे, आणि ज्या युद्धाचा आहे ते वडगाव आणि सालबाई यांमध्ये बसते. गोडार्डच्या फौजेने खरोखरच असामान्य कूच केले, किल्ले घेतले, हे नाकारता येत नाही. सगळ्या युद्धाचा हिशेब मात्र विजयाचा नाही. कलकत्ता सरकारने बक्षीस आपल्या फौजेला दिले आणि मुंबईच्या फसलेल्या स्वारीशी स्वतःचा संबंध त्यात येऊ दिला नाही, असा अर्थ काहीजण काढतात. उलट पक्षी असे म्हटले जाते, की शिपायाचे पदक हे राजनैतिक निकालाचे विधान नसते, घर सोडून सहा वर्षे दूर राहिलेल्या माणसाचा तो मोबदला असतो. दोन्ही वाचने लेखाशी जुळतात.

इथे मराठी साधनांची उणीव जाणवते, आणि ती साधने नाहीत म्हणून नव्हे. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला, त्यात याच युद्धाच्या आघाडीवरून लिहिलेली पत्रे आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड काढले. मा. वि. गुजर यांनी करवीर छत्रपती घराण्याची साधने संपादित केली. ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकाने पुण्यात फार्सी कागद आणि नाणी यांचा एकत्र अभ्यास करण्याचा पाया घातला. पदकांच्या सूचीकारांनी या साहित्याचा वापर जवळजवळ केलेला नाही, आणि या साहित्याच्या अभ्यासकांनी पदकांकडे पाहिलेले नाही. गोडार्डच्या कूचाबद्दल पुण्याला काय बातम्या येत होत्या, बोरघाटातल्या माघारीचे वर्णन पटवर्धनांच्या छावणीतून कसे लिहिले गेले, हे पदकाच्या शेजारी ठेवले तर वर सांगितलेला पेच बराच सुटू शकतो.

संग्रह कोणी आणि का करावा

या प्रश्नावर तीन भूमिका आढळतात. पहिली संग्राहकांची. वस्तू वाचवली ती संग्राहकांनी, एरवी ती मुशीत गेली असती. दर्जा, दुर्मिळता आणि पूर्वमालकांची नोंद ठेवणे हेही अभ्यासाचेच काम, असे ते म्हणतात. दुसरी भूमिका परकीय सत्तेच्या गौरवचिन्हांचा संग्रह करण्याबद्दल संकोच बाळगणाऱ्यांची. ज्या लढायांत इथले लोक हरले किंवा मेले त्यांची जेत्याने पाडलेली चित्रे कौतुकाने मांडावीत का, हा त्यांचा प्रश्न गंभीर आहे आणि त्याला शिष्टाचाराने बगल देता येत नाही. तिसरी भूमिका शिपायांच्या वंशजांची आणि त्यांच्या इतिहासाची. कंपनीच्या फौजेत लढणारे बहुसंख्य लोक इथलेच होते. १८५१ मध्ये मंजूर झालेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकावर असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, कोरेगाव अशा मराठी मुलखातल्या लढायांच्या पट्ट्या आहेत. ते फक्त तोवर हयात असलेल्यांनाच मागता आले, म्हणजे कोरेगावच्या शिपायाला तेहतीस वर्षे वाट पाहावी लागली. ज्या समाजांच्या पूर्वजांची नावे दरबारी कागदांत क्वचित येतात, त्यांच्यासाठी असे पदक हा सेवेचा पुरावा आहे. या तीन भूमिका एकमेकींना रद्द करत नाहीत, आणि संग्रहालयात पदकाखाली लावायच्या चार ओळींच्या पाटीत तिन्हींना जागा करणे शक्य आहे.

कायद्याची बाजू त्या मानाने स्पष्ट आहे. पुरावशेष व कलामौल्यवान वस्तू अधिनियम १९७२ चा, तो १९७६ च्या एप्रिलपासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू त्यात येते, त्यामुळे अठराव्या शतकातले पदक खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि व्यापाऱ्याला परवाना लागतो. जमिनीत सापडलेल्या वस्तूला १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. देशात खरेदी-विक्री चालते. मुंबईच्या तोडीवाला यांच्यासारखी लिलावगृहे नाण्यांबरोबर पदकेही मांडतात. बाहेर नेता येत नाही म्हणून इथला भाव लंडनपासून तुटलेला राहतो, अशी व्यापाऱ्यांची तक्रार आहे. वस्तू इथेच टिकते, हे त्याला दिले जाणारे उत्तर आहे.

अनिर्णित प्रश्न

अठराव्या शतकातील या पदकांवर मिळवणाऱ्याचे नाव कोरलेले नसे. कडेवर नाव असेल तर ते मालकाने नंतर कोरून घेतलेले असते, किंवा विक्रीसाठी कुणीतरी कोरलेले. त्यामुळे एखादे दख्खन पदक कोणत्या माणसाचे, हे ते ज्या घरातून आले त्या घराच्या कागदांवाचून सांगता येत नाही. बाजारात पदक आणि कागद वेगळे पडतात आणि ही ओळख कायमची जाते. पूर्वमालकांची नोंद ठेवण्याची पद्धत इथल्या व्यवहारात अजून रुजलेली नाही.

दख्खन पदकावरचा किल्ला ही विशिष्ट जागा आहे की निव्वळ संकेतचित्र, यावर समाधानकारक मांडणी झालेली नाही. श्रीरंगपट्टण पदकाच्या मुंबई फौजेतल्या वाटपाचा महाराष्ट्रातल्या घराण्यांच्या कागदांशी मेळ घालणे बाकी आहे. शिवराई होनाचा राज्याभिषेकाशी असलेला संबंध जसा नाणे आणि कागद एकत्र ठेवून तपासला गेला, तसे काम या पदकांवर व्हायचे आहे. त्यासाठी फार्सी लेख आणि मोडी कागद दोन्ही वाचणारी माणसे लागतात. सूची सगळ्या इंग्रजीत आहेत; फार्सी लेखांची त्यांतली भाषांतरे एकमेकांवरून उतरवलेली असून मूळ पदक समोर ठेवून ती नव्याने वाचण्याची गरज आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील करवीर दफ्तर आणि मिरज-तासगावच्या पटवर्धन घराण्यांचे कागद ही या कामाची जवळची ठिकाणे आहेत. १७६५ च्या मालवण मोहिमेपासून १७९९ च्या पट्टणकोडोलीपर्यंतची, याच काळाच्या दुसऱ्या बाजूची नोंद तिथे आहे.